नळीच्या पाठीवरचा मजकूर

ज्या काळी तोंड धुणे ही केवळ एक क्रिया होती, तिचा व्यासंग झालेला नव्हता, त्या काळी ती पार पाडण्यास एक तांब्या, एक मोरी आणि मागे उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांचा धाक एवढी सामग्री पुरेशी होत असे. पुढे साबण आला, आणि त्याची एकच वडी आजोबांच्या टकलापासून नातवाच्या गुडघ्यापर्यंत सर्वत्र समभावाने फिरू लागली. ती झिजून पापुद्र्याएवढी उरली, की नव्या वडीच्या पाठीवर तिला चिकटवून तिचा वंश पुढे चालवण्याची रीत होती. 1941 साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा त्यांच्या कांतीचे श्रेय त्या वडीला देण्यास पुष्कळ सद्गृहस्थ मोठ्या आनंदाने तयार झाले असतील. परंतु त्या वडीत आहे तरी काय, असा प्रश्न त्यांपैकी एकानेही दुकानदारास विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आता काळ पालटला आहे. हातांस निराळे, केसांस निराळे आणि मुखकमलास निराळे अशी प्रक्षालनाची खातेवाटणी झाली असून, मुखाच्या खात्यासाठी फेसवॉश नामक जो द्रव नळीतून येतो, त्याच्या पाठीवर घटकद्रव्यांची एक फेरिस्त छापलेली असते. ती मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत असते, अर्धी लॅटिन आणि अर्धी रासायनिक असते, आणि वाचली जाऊ नये अशी संबंधितांची मनोमन इच्छा असावी, असा तिचा एकंदर थाट असतो.

आमच्या न्हाणीघरातील फळीवर अशा नळ्यांचे एक संमेलनच भरलेले असते आणि त्याची स्वागताध्यक्षा आमची नात आहे. "आजोबा, तुम्ही हा वापरून बघा, हा सल्फेट-फ्री आहे," असे तिने एकदा मोठ्या ममतेने सांगितले, तेव्हा सल्फेट म्हणजे काय, असे मी सहज विचारले. "ते यात नसतं," एवढे शास्त्रीय उत्तर देऊन ती कॉलेजला निघून गेली. तिचा दोष नाही. अमुक वस्तू वाईट आहे हे ती आपल्या पदरी नाही असे कळल्यावरच समजते, हा विक्रयशास्त्राचा अगदी अलीकडचा सिद्धांत आहे. पूर्वी वस्तूत काय आहे ते सांगून ती खपवीत, आता काय नाही ते सांगून खपवितात.

माझी उभी हयात महसूल खात्यात गेली. त्या खात्याने मला संपत्ती दिली नाही, पण कोणताही कागद प्रथम उलटा करून पाहण्याची खोड मात्र दिली. दर्शनी बाजूस अर्जदार आपल्या गरिबीचे वर्णन करतो आणि पाठीमागे त्याच्या विहिरीची, आमराईची व दोन बैलजोड्यांची नोंद सापडते, हे एकदा पाहिलेला मनुष्य पुन्हा कधीही केवळ दर्शनी बाजूवर विश्वास ठेवीत नाही. फेसवॉशच्या नळीसही हाच न्याय लागू पडतो. दर्शनी बाजू ही मालकाची, तेथे तो बोलतो. पाठ ही सरकारची, तेथे त्याला जबानी द्यावी लागते. आपल्याकडे 1940 साली जो औषधविषयक कायदा झाला, त्यात 1962 च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांना जागा मिळाली. आणि स्वच्छतेसाठी, शोभेसाठी, आकर्षकता वाढवण्यासाठी किंवा रूप पालटण्यासाठी जे मानवी देहास चोळले, ओतले, शिंपडले वा फवारले जाते ते प्रसाधन, अशा आशयाची जी व्याख्या तेथे सिद्ध झाली, ती इतकी ऐसपैस आहे की तिच्यात थोड्या खटपटीने रंगपंचमीसुद्धा बसवता येईल. पण व्याख्या ऐसपैस असली म्हणून वाद थांबतात असे नव्हे. हळदीचे व्हॅनिशिंग क्रीम हे प्रसाधन की आयुर्वेदीय औषध, हा तंटा उत्पादनशुल्क खाते आणि विको कंपनी यांच्यात वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषधाच्या बाजूने निकाल लागला. कारण प्रसाधनावर कर अधिक आणि औषधावर कमी. सुंदर दिसण्यापेक्षा आजारी असणे स्वस्त पडावे, हे धोरण ज्याने कोणी आखले, त्याच्या वास्तवज्ञानाला माझा मुजरा आहे.

आता पाठीवरील मजकुराचा कायदा पाहू. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे, जे घटक एक टक्क्याहून अधिक आहेत त्यांची नावे परिमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावीत, आणि जे एक टक्का किंवा त्याहून कमी आहेत त्यांची नावे त्यानंतर, पण कोणत्याही क्रमाने द्यावीत, असा दंडक आहे. हा दंडक ज्याला समजला त्याला अर्धी नळी समजली. प्रथम क्रमांकाचा मानकरी कोण, हे पाहावयास गेल्यास तेथे बहुतेक वेळा 'अ‍ॅक्वा' हे भारदस्त नाव आढळते, आणि अ‍ॅक्वा म्हणजे पाणी. द्रवरूप फेसवॉशमध्ये ते बहुधा निम्म्याहून अधिक असते. दुष्काळी तालुक्यात टँकरची वाट पाहत उन्हात बसलेल्या बाईला जर कोणी सांगितले की शहरातील लोक दुधाच्या कित्येक पट भावाने नळीभर पाणी विकत घेतात, ते घरी नेतात आणि नळ सोडून आणखी पाण्याने धुऊन टाकतात, तर ती सांगणाऱ्याला वेड्यात काढील. आणि तिच्या जागी ती बरोबरही असेल.

परंतु हे पाणी दिसते तितके गरीब नाही. पुढच्या फेरिस्तीतील निम्मी मंडळी केवळ त्याच्यापायी आलेली असतात, हे ध्यानात आल्याशिवाय बाकीचा मजकूर उलगडत नाही. पाणी आहे म्हणून ते नुसते हातातून ओघळू नये यासाठी त्याला दाट करणारा एक. पाणी आहे म्हणून त्यात जंतू आणि बुरशी यांनी बिऱ्हाड करू नये यासाठी परिरक्षक. पाणी जड असेल तर त्यातील चुना आणि मॅग्नेशियम यांना वेसण घालणारा ईडीटीए. पाण्याची आम्लता बिघडू नये म्हणून तिची राखण करणारे दोघे. एका सभ्य पाहुण्याच्या मागोमाग त्याचा स्वयंपाकी, वैद्य, पहारेकरी आणि वकील यांनी उंबरठा ओलांडावा, तसला हा प्रकार आहे. कोरड्या उटण्याला यांपैकी कोणाचीच गरज पडत नाही, याचे कारण पूर्वजांचे दिव्यज्ञान नसून डब्यात पाणी नसते एवढेच आहे.

पाण्याच्या खालोखाल ज्याचे नाव येते, तो या नळीतील खरा कामकरी. चेहऱ्यावरचा मळ म्हणजे मुख्यतः त्वचेचे तेल आणि त्यावर बसलेली धूळ. तेल पाण्यास दाद देत नाही, म्हणून ज्याच्या एका टोकास पाण्याची ओढ आणि दुसऱ्या टोकास तेलाची, असा एक दुभाष्या मध्ये घालावा लागतो. असे अनेक दुभाषे एकत्र जमले की त्यांची तेलप्रिय टोके आत वळून मळाला घेराव घालतात, जलप्रिय टोके बाहेर राहतात, आणि सारा जमाव पाण्याबरोबर मोरीच्या वाटेने निघून जातो. सोडियम लॉरिल सल्फेट, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट ही सारी या एकाच कुळातील नावे. त्यांपैकी पहिल्याचा स्वभाव जरा तापट, दुसऱ्याचा त्याहून निवळलेला आणि उरलेल्यांचा सामान्यतः सौम्य. फळीवरच्या तथाकथित सल्फेट-विरहित नळीत, नाव बदलून, यांपैकीच कोणी सौम्य भाऊबंद कामावर ठेवलेले असतात; त्यांच्यावाचून नळीतले पाणी हे पाणीच राहील. आणि या कुळाची पूर्वपीठिका ऐकून सौंदर्योपासकांनी मन घट्ट करावे: सल्फेट जातीची ही प्रक्षालके बाजारात नावारूपास आली ती कपड्यांच्या धुण्यासाठी. 1933 साली अमेरिकेत ड्रेफ्ट नावाची जी धुण्याची पावडर निघाली, ती याच जातीची. म्हणजे पाटलोणीवरून बढती मिळून मंडळी गालांवर आली आहेत.

त्यांचे माहेर मात्र बहुधा नारळाच्या किंवा पामच्या झाडावर असते. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते आणि लॉरिल, लॉरेथ, कोको, कोकॉइल या नावांची मुळे तेथेच पोहोचतात. आमच्या कोकणातील आजी सकाळी चेहऱ्यास खोबरेल तेल लावून उन्हात बसे. तिच्या पणतीने सोळाव्या वर्षी तेच तेल चेहऱ्यावरून उतरवण्यासाठी त्याच झाडापासून केलेले द्रव्य दुकानातून आणावे, यात नारळाची जी दुहेरी कमाई आहे, तिचे मला रत्नागिरीकर म्हणून कौतुकच वाटते. यांतला कोकामिडोप्रोपिल बीटेन हा सौम्य म्हणून सर्वत्र वाखाणला जातो. पण अमेरिकेतील त्वचास्पर्शज व्याधींच्या तज्ज्ञमंडळाने 2004 साली त्याला त्या वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून निवडले होते. सौम्य माणसांविषयी माझा खात्यातील अनुभव याहून फारसा निराळा नाही.

फेस हा स्वच्छतेचा पुरावा आहे, हा समज मात्र इतका दृढ आहे की तो खोडण्याचा प्रयत्न कोणताही व्यापारी करणार नाही. फेस न येताही मळ निघू शकतो आणि भरपूर फेस येऊनही चेहरा नुसता कोरडा पडू शकतो. तरीसुद्धा ज्या पदार्थाचा फेस होत नाही त्याने आपल्याला फसवले, असे गिऱ्हाइकास वाटते, म्हणून फेस टिकवणारे घटक वेगळे घातले जातात. हा खर्च गालांसाठी नसून डोळ्यांच्या समाधानासाठी आहे.

ग्लिसरीन तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर भेटते. शीले नामक स्वीडिश रसायनज्ञाने 1779 साली ते प्रथम वेगळे केले. साबण करताना ते आपोआप निपजते आणि पुष्कळ कारखानदार ते वडीतून काढून घेऊन निराळे विकतात. याच ग्लिसरिनापासून नायट्रोग्लिसरीन होते आणि 1867 साली आल्फ्रेड नोबेलने त्यातूनच डायनामाइट सिद्ध केले. एका बाजूस डोंगर फोडावा आणि दुसऱ्या बाजूस गाल मऊ करावा, असा व्यापक जीवनक्रम फार थोड्या द्रव्यांच्या वाट्यास आला आहे.

त्यापुढे मीठ येते. होय, स्वयंपाकातले मीठ. फेरिस्तीत सोडियम क्लोराइड म्हणून त्याची नोंद असते. सल्फेट जातीच्या पातळ द्रावणात थोडे मीठ पडले की ते दाट होते आणि फार पडले की पुन्हा पातळ होते, हे ज्ञान कारखानदारांस पक्के असते. दाट द्रव हा सत्त्वयुक्त असतो असे आपण आमटीवरून ठरवलेले असल्यामुळे, नळीतील दाटपणाही आपण गुणवत्तेच्या खाती जमा करतो. वास्तविक तो चिमूटभर मिठाचा प्रताप असू शकतो.

ईडीटीएची महती कळण्यास मात्र मराठवाड्यात किंवा सोलापुराकडे बोअरच्या पाण्यावर चार दिवस काढावे लागतात. जेथे डाळ शिजत नाही तेथे साबणाचाही फेस होत नाही. साबण आणि जड पाणी यांच्या भांडणातून जो पांढुरका चिकट गाळ उरतो तो बादलीच्या कडेला आणि माणसाच्या मानेवर सारखाच बसतो. नव्या प्रक्षालकांना जड पाण्याचा इतका जाच होत नाही, हा त्यांचा साबणावरील खराखुरा विजय आहे, आणि तो कोणत्याही नळीच्या दर्शनी बाजूस छापलेला मी पाहिला नाही. तसाच दुसरा विजय आम्लतेचा. त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी, साधारणतः पाच पीएचच्या आसपास. साबणाची वडी मात्र नऊ-दहाच्या घरात, म्हणजे चांगलीच अल्कधर्मी. फेसवॉश त्वचेच्या मिजाशीजवळ आणून ठेवता येतो. त्यासाठी सायट्रिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड हे वादी-प्रतिवादी कित्येकदा एकाच फेरिस्तीत शेजारीशेजारी बसलेले आढळतात: एकाने खाली ओढावे, दुसऱ्याने वर, आणि आकडा मधोमध स्थिर व्हावा. तडजोडीचे असे नमुनेदार उदाहरण मी तालुका कचेरीत उभ्या नोकरीत पाहिले नाही.

येथपर्यंत आलेल्या वाचकास आता मी त्या फेरिस्तीतील मर्मस्थान दाखवतो. फेनॉक्सीइथेनॉल या नावाचा एक परिरक्षक पुष्कळ नळ्यांत असतो. युरोपात त्याची कमाल मर्यादा एक टक्का ठरलेली आहे आणि उत्पादक सामान्यतः तिच्या आतच राहतात. आता एक टक्क्याहून अधिक असलेले सारे घटक आधी आले पाहिजेत, या नियमाशी ही गोष्ट ताडून पाहावी. शेतात बांधावरचा हद्दीचा दगड सापडला की मोजणीदाराचे निम्मे काम होते, तसे हे नाव सापडले की वाचकाचे होते. कारण त्याच्या पुढे जे कोणी उभे आहेत, ते सारे एक टक्का किंवा त्याहून कमी आहेत आणि त्यांना वाटेल त्या क्रमाने उभे केलेले आहे. हा दगड पुष्कळदा फेरिस्तीच्या मध्यावरच लागतो.

त्या हद्दीपलीकडे कोण कोण राहतात ते पाहून कोणाचाही जीव कळवळेल. ज्या कडुनिंबाच्या डहाळीने दर्शनी बाजूचा दोनतृतीयांश भाग व्यापला आहे, तो कडुनिंब तेथे आहे. कोरफड आहे, केशर आहे, तुळस आहे. सांगलीच्या ज्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या हळदीची कोणी तरी दूरची आप्त 'कुर्कुमा लाँगा रूट एक्स्ट्रॅक्ट' या परदेशी वेशात शेवटून दुसऱ्या जागी अंग चोरून उभी आहे. अर्क म्हटला म्हणजे तो सगळा वनस्पतीचाच असतो असेही नाही. त्यातही पाणी किंवा ग्लिसरीन असू शकते. म्हणजे एक टक्क्याच्या आतील द्रवाच्या आत हळद. हळद जखमा भरून काढते, या आपल्या आजीच्या ज्ञानावर 1995 साली अमेरिकेत पेटंट देण्यात आले होते. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध लढा दिला आणि 1997 साली ते रद्द करून घेतले. अमेरिकेच्या पेटंट कचेरीत जिंकलेली ही मानी वनस्पती स्वदेशात नळीच्या पाठीवर सुगंधी द्रव्याच्याही मागे हात जोडून उभी राहते, हे दृश्य इतिहासाच्या अभ्यासकाने एकदा तरी भिंग लावून पाहावे.

"पण रंग तर पिवळाधमक आहे की!" असे आमच्या सौ.नी त्या नळीविषयी म्हटले होते. खऱ्या हळदीचा रंग ज्या टॉवेलास लागतो तो पुढे आयुष्यभर त्याची साक्ष देतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार! नळीतला पिवळेपणा टॉवेलवर उतरत नाही, कारण तो फेरिस्तीच्या अगदी शेवटी 'सीआय 19140' या कैदी क्रमांकाने नोंदलेल्या टार्ट्राझिनाचा असू शकतो. हाच रंग ठरावीक मर्यादेत मिठाईतही चालतो. त्यात 'सीआय 42090' हा निळा मिसळला की हिरवा होतो, आणि मग त्याच टोळीला कडुनिंबाच्या नळीत काम मिळते. हे रंग परवानगीचे आहेत आणि त्यांच्याविरुद्ध माझी फिर्याद नाही. फक्त ज्याने हळद पिवळी केली त्याचे नाव अखेरीस आणि क्रमांकाने यावे आणि जिने काही केले नाही तिचे चित्र पुढे यावे, ही नोंद मला खटकते.

सुगंधाचे प्रकरण याहून गूढ आहे. 'पर्फ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दाच्या आड दहा-वीस किंवा कितीतरी अधिक द्रव्ये दडू शकतात आणि व्यापारी गुपित म्हणून ती दडवण्याची मुभाही असते. युरोपीय संघाने 2003 च्या निर्देशाने त्यांतील 26 ॲलर्जीकारक द्रव्यांचा बुरखा फाडला आणि ठरावीक प्रमाणापलीकडे असल्यास लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल अशी त्यांची नावे घेणे भाग पाडले. आयात केलेल्या नळीच्या शेपटाकडे जी गायिकांसारखी गोड नावे दिसतात ती हीच. ज्याची कातडी हळवी आहे त्याने खरी भीती बाळगावी ती या खोलीतल्या मंडळींची.

पण भीतीचा बाजार वेगळ्याच ठिकाणी भरतो. पॅराबेन नावाचे परिरक्षक अनेक दशके निमूटपणे काम करीत होते. 2004 साली इंग्लंडमधील एका अभ्यासात स्तनाच्या गाठींत त्यांचा अंश आढळला. गाठी त्यांच्यामुळे झाल्या असे त्या अभ्यासाने सिद्ध केले नव्हते, परंतु शंका ही वस्तू सिद्धतेपेक्षा वेगाने प्रवास करते. नळ्यांवर 'पॅराबेन-विरहित' अशी द्वाही फिरली. परंतु जंतूंना ही द्वाही मान्य नसल्यामुळे कोणी तरी दुसरा पहारेकरी नेमणे प्राप्त होते, आणि अनेक ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या गृहस्थाची नेमणूक झाली. त्याने इतक्या लोकांच्या कातडीवर पुरळ उठवली की 2013 साली, वर सांगितलेल्या त्याच मंडळाकडून, त्या वर्षाच्या ॲलर्जीकारकाचा मान त्याला मिळाला आणि युरोपने चेहऱ्यावर लावून ठेवायच्या प्रसाधनांतून त्याला पुढे हद्दपार केले. आगीतून फुफाट्यात पडण्याचा हा प्रवास संपूर्णपणे ग्राहकहितार्थ झाला.

दर्शनी बाजूवरील भाषणाविषयी आता थोडक्यात. 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले' याचा अर्थ तपासलेले एवढाच. उत्तीर्ण झाले की नाही, हे गुणपत्रक जोडलेले नसते. 'हायपोॲलर्जेनिक' या शब्दास काही तरी प्रमाण असावे म्हणून अमेरिकन सरकारने 1975 साली नियम केला. दोन प्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 1977 साली तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तेथे त्या शब्दाचा अर्थ लिहिणारा ठरवील तो. 'रसायनविरहित' हा शब्द जर खरा असता तर नळी रिकामी असावयास हवी होती. काही नळ्यांवर हिरवा ठिपकाही असतो, म्हणजे आतील द्रव शाकाहारी आहे. हा ठिपका मी प्रथम विनोद समजलो होतो, पण ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल प्राण्यांच्या चरबीपासूनही काढता येते, हे कळल्यावर एकादशीस तोंड धुण्याचे तरी संकट टळले, असे समजून स्वस्थ झालो. आणि नळीच्या अगदी तळाशी उत्पादनस्थळ म्हणून हिमाचल प्रदेशातील बद्दी किंवा उत्तराखंडातील हरिद्वार हे नाव पुन्हा पुन्हा दिसल्यास तेथील जडीबुटींची कल्पना करू नये; 2003 साली केंद्र सरकारने त्या राज्यांस करांत सवलती दिल्या आणि कारखाने त्या सवलतींच्या वासाने तेथे गेले. हिमालयाची शुद्ध हवा हा त्यातला आनुषंगिक लाभ.

एवढे झाल्यावर, म्हणजे उटणेच बरे, असा निर्वाळा माझ्याकडून अपेक्षित असेल तर तो मी देणार नाही. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद यांची दिवाळीच्या पहाटेस जी शान असते ती निर्विवाद आहे. पण ते रोज लावावयाचे म्हणजे रोज नरकचतुर्दशी करावयाची, आणि डाळीच्या पिठाने तुंबलेली मोरी कोणी साफ करावयाची हा प्रश्न जुन्या काळात ज्यांच्या वाट्यास येई त्यांना कोणी मत विचारीत नसे. रिठा हाही निसर्गतः प्रक्षालकच. तो डोळ्यांत गेल्यावर निसर्गाविषयीचे प्रेम किती टिकते, ते ज्याच्या डोळ्यांत गेला त्याने सांगावे. बाजारातल्या उटण्याच्या पुड्यांचीही पाठ मी उलटून पाहिली आहे. तेथे कित्येकदा फेरिस्तीच्या आरंभी नुसती माती असते आणि चंदन हद्दीच्या दगडापलीकडे.

फेसवॉश चेहऱ्यावर राहतो अर्धा मिनिट, फार तर एक. तेवढ्या अवधीत मळ निघतो, कारण ते प्रक्षालकाचे काम आहे. केशराने, मोत्यांनी, जीवनसत्त्वांनी त्या अर्ध्या मिनिटात काही अद्भुत करून दाखवावे, अशी अपेक्षा मुहूर्त टळून गेल्यावर भटजींकडूनही कोणी करीत नाही. सॅलिसिलिक आम्लासारखी एखादी कामसू वस्तू याला थोडी अपवाद आहे. मुरुमांसाठी ती अर्धा ते दोन टक्क्यांच्या प्रमाणात वापरतात, आणि तिची टक्केवारी सांगणारी नळी न सांगणारीपेक्षा अधिक विश्वासास पात्र समजावी. बाकी सारे ऐश्वर्य गटारात जाते आणि तेथील कांती उजळते.

तेव्हा वाचकहो, दुकानात नळी हाती आली की प्रथम ती उलटी करावी. चष्मा विसरला असल्यास दुकानातील पोऱ्यास वाचावयास सांगावे. त्याची दृष्टी चांगली असते आणि उच्चार आपल्यापेक्षा वाईट नसतात. पाण्यानंतरची तीन-चार नावे आणि हद्दीचा दगड एवढेच पाहावे, पैसे त्यांचे द्यावेत. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटला तर नळी बदलावी, न वाटल्यास जी स्वस्त असेल ती पुढेही आणावी. आणि हळद हवीच असेल, तर ती वाण्याकडे किलोच्या भावाने मिळते. तिच्या पुडीच्या पाठीवर घटकद्रव्य म्हणून एकच नाव असते.